वर्गाच्या पुढे असलेल्या मुलाला कसं शिकवावं: तयारीपासून तपासणीपर्यंत

दहा मिनिटांत सगळी उदाहरणं सोडवून वही मिटून बसणारं मूल वर्गात असलं, की बहुतेक शिक्षक तीनपैकी एक गोष्ट करतात. त्याला त्याच प्रकारची आणखी दहा उदाहरणं देतात, शेजारच्याला शिकवायला बसवतात, नाहीतर पुढच्या इयत्तेचं पुस्तक हातात देतात. तिन्ही गोष्टी चांगल्या मनानं केलेल्या असतात आणि तिन्ही बहुतेक वेळा फसतात. जास्तीची उदाहरणं मिळाली की मूल समजून जातं, लवकर संपवलं तर काम वाढतं. मग ते मुद्दाम रेंगाळतं. शेजाऱ्याला शिकवत बसलं की त्याचं स्वतःचं शिकणं थांबतं. पुढचं पुस्तक मिळालं की ते रीत उचलतं, पण अर्थ मागे राहतो, आणि हा कच्चा पाया दोन-तीन वर्षांनी उघडा पडतो.

मी गणित शिकवतो, म्हणून उदाहरणं जास्त करून गणितातली आहेत. पण क्रम सगळ्या विषयांना तोच: आधी शोध, मग कपात, मग भर. आपण थेट भर घालायला घेतो, तिथेच गणित चुकतं.

## तयारी: पहिल्या तासाआधी

चार गोष्टी हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नका.

१. येणाऱ्या घटकाची शेवटची चाचणी. घटक शिकवून झाल्यावर जी घेणार, तीच, पण आत्ता तयार.

२. मुलासाठी एक वेगळी वही. हिच्यात पेनानं लिहायचं, खोडरबर वापरायचा नाही, चुकलेल्यावर एक रेघ मारून पुढे जायचं. तुम्हाला उत्तरापेक्षा चुकलेल्या वाटा बघायच्या आहेत.

३. तुम्ही स्वतः कागद घेऊन सोडवलेले पाच-सहा प्रश्न. मागचं उत्तर वाचून समजलेले प्रश्न इथे चालत नाहीत. स्वतः कुठे अडलात, काय सुचल्यावर सुटलं, हे बाजूला टिपून ठेवा. ही टिपणंच पुढे इशारे देताना कामी येतात.

४. ठरलेली वेळ. आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं पुरतात, पण वार आणि तास ठरलेला हवा. ‘जमेल तेव्हा’ म्हटलं की ते कधीच जमत नाही.

शिवाय मुख्याध्यापक आणि पालक या दोघांशी आधी बोलून घ्या. पालकांना स्पष्ट सांगा: या वहीत सोडवलेली उदाहरणं कमी दिसतील, खाडाखोड जास्त दिसेल, काही पानांवर उत्तरच नसेल. हे आधी सांगितलं नाही, तर तिसऱ्या आठवड्यात ‘काहीच शिकवत नाहीत का?’ असं विचारत ते वही घेऊन येतात, आणि मग आपण बचावात पडून पुन्हा जुन्या वाटेला लागतो.

सावधान: मूल निवडताना. पहिला नंबर म्हणजे या वर्षाचा अभ्यास नीट झाला, एवढंच. त्यापुढे किती येतं ते त्यातून कळत नाही. उलट पुढे असलेलं मूल कधी गृहपाठ न करणारं असतं, कधी फार वाद घालणारं, कधी वर्षभर तोंड न उघडणारं. काही मुलांना वाचण्या-लिहिण्याची खरी अडचण असते आणि विचार मात्र वर्गाच्या कितीतरी पुढे असतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना झाकतात, म्हणून मूल मधलंच वाटतं आणि कुणाचंच लक्ष जात नाही. अशा मुलासाठी एकदा तरी तोंडी चाचणी घ्या. तुम्ही विचारा, ते बोलेल, लिहायचं तुम्ही.

## टप्पा १: येणं कुठे संपतं ते शोधा

१९७१ मध्ये ज्युलियन स्टॅनली यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात पुढे असलेल्या मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेजप्रवेशासाठीची सॅट परीक्षा दिली. कारण साधं होतं. इयत्तेच्या परीक्षेत ही सगळी मुलं वरच्या टोकाला जाऊन टेकतात, आणि कोण किती पुढे आहे हे दिसतच नाही. पट्टी आखूड असली की तिच्यापेक्षा लांब असलेल्या सगळ्या वस्तू सारख्याच ‘मोठ्या’ ठरतात.

वर्गात हेच लहान प्रमाणात करायचं.

पहिल्या दिवशी घटकाची शेवटची चाचणी न शिकवता द्या. शंभरात नव्वदच्या वर आले तर पुढच्या इयत्तेतल्या त्याच घटकाची चाचणी द्या. गुण निम्म्यावर येईपर्यंत वर जात राहा. जिथे गुण घसरले, तिथे तुमचं काम सुरू होतं.

पण एवढ्यावर थांबू नका. लेखी चाचणीत रीत दिसते, समज दिसत नाही. म्हणून बरोबर आलेल्या दोन-तीन उत्तरांवर मुलाला समोर बसवून विचारा.

सहावीतल्या एका मुलीनं मला ३/४ भागिले १/२ हे क्षणात करून दिलं: उलटा करून गुणलं, उत्तर ३/२, म्हणजे दीड. मी म्हटलं, ‘आता चित्र काढ. पाऊण पोळीत अर्धी पोळी किती वेळा मावते?’ तिनं वर्तुळ काढलं, पाऊण भाग रंगवला, त्यातली अर्धी पोळी वेगळी केली. ‘एकदा मावली. आणि पाव उरली. म्हणजे सव्वा.’ मग स्वतःच वर बघितलं. ‘पण उत्तर तर दीड आलंय.’ उरलेली पाव पोळी ही अर्ध्या पोळीचा अर्धा भाग आहे, म्हणून ती ‘अर्धी वेळ’ धरायची, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तोवर तिला अपूर्णांकांत पैकीच्या पैकी मिळत होते.

तपासा: टप्पा संपताना तुमच्याकडे घटकाच्या प्रत्येक मुद्द्यापुढे तीनपैकी एक खूण हवी. ‘येतं’, ‘रीत येते, अर्थ नाही’, ‘येत नाही’. मधल्या रकान्यात काहीच नसेल तर तोंडी चाचणी घाईत झाली आहे, पुन्हा घ्या.

## टप्पा २: जे येतं ते कमी करा

हा टप्पा सगळ्यांत जास्त वगळला जातो. भर घालायची हौस असते, कमी करायची भीती वाटते. पण आधीचं काम तसंच ठेवून वर नवं दिलं, तर ती मुलासाठी शिक्षाच होते.

कपातीची भीती घालवायला एक दाखला पुरेसा आहे. अमेरिकेत सॅली रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षकांनी निवडक मुलांचा नेहमीचा अभ्यासक्रम ४० ते ५० टक्क्यांपर्यंत कमी केला. त्या मुलांचे चाचण्यांतले गुण कपात न केलेल्या मुलांच्या मागे पडले नाहीत.

सुरुवात करायला सोपी रीत अशी. स्वाध्यायातली सगळ्यांत अवघड पाच उदाहरणं फळ्यावर गोल करून द्या. ज्याला हवं त्यानं आधी तीच सोडवावीत. पाचांतली चार बरोबर आली आणि पायऱ्या वाचता येण्याजोग्या असल्या, तर उरलेला स्वाध्याय माफ. ही सवलत सगळ्या वर्गासाठी उघडी ठेवा. एक तर कुणाला वेगळी वागणूक दिल्यासारखं होत नाही, आणि ज्याच्याकडे तुमचं कधी लक्षच गेलं नव्हतं असं एखादं मूल पाच सोडवून पुढे येतं. माझ्या वर्गात हे एकदा नाही, बऱ्याचदा झालंय.

‘रीत येते, अर्थ नाही’ या रकान्यातलं काहीही कमी करायचं नाही. तिथे उदाहरणं कमी आणि ‘का?’ जास्त.

सावधान: माफ केलेलं काम गृहपाठ म्हणून मागच्या दारानं परत आणू नका. मुलं हे एकदा बघतात आणि पुढच्या वेळी पाच उदाहरणांना हातच लावत नाहीत.

## टप्पा ३: मोकळ्या झालेल्या वेळेत खोली द्या

आता भर. आधी खोल, मग पुढे. पुढच्या इयत्तेचं पुस्तक शेवटी.

चांगल्या प्रश्नाची माझी कसोटी अशी: सुरुवात मुलाला येणाऱ्या गोष्टीपासून व्हावी, पहिलं सुचलेलं उत्तर बहुधा चुकीचं निघावं, आणि ते चुकलंय हे मुलाला स्वतःलाच पडताळून बघता यावं. तिसरी अट सगळ्यांत महत्त्वाची. चूक तुम्ही दाखवली तर मूल तुमच्याकडे बघतं. चूक कागदानं दाखवली तर मूल कागदाकडे बघतं.

एक प्रश्न पूर्ण सांगतो. वर्तुळावर बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू इतर सगळ्या बिंदूंना सरळ रेषेनं जोडा. आतल्या भागाचे किती तुकडे पडतात? दोन बिंदूंना २, तीनला ४, चारला ८, पाचला १६. आता सहाला?

पुढे असलेलं मूल पेन उचलत नाही. ‘३२.’ तुम्ही ‘बरोबर’ही म्हणायचं नाही आणि ‘चूक’ही नाही. एवढंच म्हणायचं, ‘काढून मोज.’

एका मुलानं काढून मोजले, तर ३० आले. त्याला वाटलं, मोजण्यात चुकलं. दुसरं वर्तुळ, पुन्हा ३०. तिसऱ्या वेळी बिंदू थोडे वेडेवाकडे घेतले गेले आणि ३१ आले. मग तो दोन आकृत्या शेजारी ठेवून बसला. बऱ्याच वेळानं त्याला दिसलं, की बिंदू समान अंतरावर घेतले तर तीन लांब रेषा बरोबर मध्यावर एकाच ठिकाणी छेदतात आणि मधला एक छोटा तुकडा नाहीसा होतो. जास्तीत जास्त तुकडे ३१. बत्तीस कधीच होत नाहीत. पुढचा आठवडा ‘मग नियम काय?’ यात गेला. तेव्हा मी एकच इशारा दिला: ‘रेषा किती आणि छेद किती, वेगवेगळे मोज.’ सहा बिंदूंना रेषा १५, आतले छेद १५, आणि सुरुवातीचा अख्खा तुकडा १. बेरीज ३१. सात बिंदूंना किती, ते त्यानं न काढता सांगितलं, ५७, आणि मग काढून पडताळलं. कुणी सांगितलं नव्हतं तरी.

भाषेत हेच काम पुनर्लेखन करतं. सफाईनं लिहिणाऱ्या मुलाला नवा निबंध देऊ नका. त्याचाच तीनशे शब्दांचा निबंध दीडशेत आणायला सांगा, एकही मुद्दा न गाळता. विज्ञानात दोऱ्याला वजन बांधून लंबक करा आणि आधी लिहून घ्या: वजन दुप्पट केलं तर झोका लवकर येईल की उशिरा? मग दहा झोक्यांचा वेळ मोजून दहानं भागायचं. वजन बदलून फरक पडत नाही, लांबी बदलली की पडतो. आणि एका झोक्याऐवजी दहा का मोजायचे, यावर वेगळा तास जातो.

## टप्पा ४: अडू द्या, पण एकटं सोडू नका

शिक्षकाची खरी परीक्षा इथे आहे. आजवर कधीच न अडलेलं मूल पहिल्यांदा अडतं, तेव्हा ते काय करेल सांगता येत नाही. कुणी विषय बदलतं, कुणाला एकदम पाणी प्यायला जायचं असतं, कुणी ‘हा प्रश्नच चुकीचा आहे’ म्हणतं, कुणी पान फाडतं. कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं. हट्ट समजून रागावू नका. अडल्यावर काय करायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. इतर मुलं ते पहिलीपासून रोज शिकत आली आहेत.

इशारे या क्रमानं द्या, आणि एका वेळी एकच:

१. ‘आत्तापर्यंत काय काय करून पाहिलंस?’ निम्म्या वेळा एवढ्यावरच सुटतं.

२. ‘लहान करून बघ.’ शंभराच्या जागी तीन, सहा बिंदूंच्या जागी चार.

३. त्याच्याच वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवा आणि गप्प बसा.

४. तशाच बांधणीचा, पण सोपा, दुसरा प्रश्न.

५. तरीही नाही, तर प्रश्न बंद करून पुढच्या ठरलेल्या वेळी उघडा. मधल्या दिवसांत डोकं काम करत असतं.

शेवटची पायरी तुम्ही सांगायची नाही. मला अजूनही हे जड जातं. मूल उत्तराच्या अगदी जवळ असतं, तास संपत आलेला असतो, आणि जिभेवर आलेलं गिळावं लागतं.

तपासा: गेल्या तीन भेटींत मूल एकदाही अडलं नसेल, तर प्रश्न सोपे आहेत. प्रत्येक वेळी पाचव्या पायरीपर्यंत जावं लागत असेल, तर अवघड आहेत. दोन्हींत दोष निवडीचा, म्हणजे तुमचा. दुरुस्त करता येतो.

## टप्पा ५: शेरा लिहिताना

‘हुशार!’ असा शेरा लिहू नका. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही मुलांच्या बुद्धीची स्तुती केली, काहींच्या मेहनतीची. पुढे अवघड प्रश्नांत अपयश आल्यावर बुद्धीची स्तुती ऐकलेल्या मुलांनी चिकाटी लवकर सोडली आणि त्यांची कामगिरीही घसरली. वर्गाच्या पुढे असलेलं मूल तर लहानपणापासून हाच एक शब्द ऐकत आलेलं असतं. चुकलो तर तो शब्द जाईल, या धास्तीनं ते अवघड प्रश्नाला हातच लावत नाही.

नुसतं ‘छान मेहनत’ही पुरत नाही, दहा मिनिटांत झालेल्या कामाला मेहनत म्हटलं तर मुलाला खोटं कळतं. जे दिसलं ते लिहा. ‘तिसऱ्या आकृतीत बिंदू हलवून पाहिलेस, तिथे वाट सापडली.’ ‘चौथी पायरी का बरोबर, ते लिहिलेलं नाही. एका वाक्यात लिही.’ आणि ज्या पानावर उत्तर नाही पण चांगला प्रयत्न आहे, त्यालाही शेरा द्या. ते पान आधी शोधा.

## टप्पा ६: तुम्हाला येत नसेल तेव्हा

ही वेळ येणारच. एका मुलानं कुठून तरी शोधून आणलं: कोणतीही संख्या घ्या, तिला तिच्या पुढच्या संख्येनं गुणा, ४१ मिळवा, येणारं उत्तर मूळ संख्या असतं, म्हणजे तिला १ आणि ती स्वतः सोडून कशानंच पूर्ण भाग जात नाही. त्यानं वीसपर्यंत करून पाहिलं होतं. ‘सर, नेहमीच येते का?’ मी घाईत होतो. ‘असावी,’ म्हणालो. पुढच्या आठवड्यात त्यानं कागद पुढे केला. ३९ पर्यंत सगळ्या मूळ संख्या. चाळिसाव्याला १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. मी वर्गासमोर सांगितलं, की मी न तपासता बोललो होतो.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. ‘मला माहीत नाही’ हे स्पष्ट म्हणायचं. दोघांनी मिळून पहिली पायरी करायची, फळ्यावर, त्याच्यासमोर. मग वहीत तारीख घालून प्रश्न लिहायचा आणि कुणी काय शोधून आणायचं ते ठरवायचं. तुमचा वाटा ठरल्या दिवशी घेऊन जा. ‘बघू नंतर’ म्हणून सोडलेला एक प्रश्न मुलाच्या लक्षात वर्षभर राहतो.

विषय तुमच्या हाताबाहेर जात असेल, तर वरच्या वर्गाच्या शिक्षकाकडे, कॉलेजातल्या प्राध्यापकाकडे पाठवा. पण पाठवून मोकळे होऊ नका. महिन्यातून एकदा वही बघत राहा.

## टप्पा ७: वर्गातली जागा आणि पुढची इयत्ता

मुलाला कायमचा मदतनीस करू नका. कधीतरी शेजाऱ्याला समजावून सांगणं दोघांनाही चांगलं. रोजचं झालं की एकाचा तास जातो आणि दुसऱ्याचा अपमान होतो. त्यापेक्षा त्याच्या तोडीचं दुसरं मूल शोधा, दुसऱ्या तुकडीतलं, दुसऱ्या इयत्तेतलं चालेल. आठवड्यातून एक तास दोघं एका प्रश्नावर बसली, की ‘माझ्याच डोक्यात असलं काय काय येतं’ हा एकटेपणा बराच कमी होतो.

पुढच्या इयत्तेत घालावं का, हा प्रश्न पालक पहिल्याच भेटीत काढतात. उत्तर टप्पा १ ते ४ झाल्याशिवाय देऊ नका. अख्खी इयत्ता ओलांडायच्या आधी एकच विषय पुढच्या वर्गात जाऊन शिकता येतो का ते बघा. गणितज्ञ टेरेन्स टाओ लहानपणी वेगवेगळ्या विषयांसाठी वेगवेगळ्या इयत्तांत बसत होते. ज्या विषयात जेवढे पुढे, तेवढ्याच वरच्या वर्गात. ठरवताना चार गोष्टी पाहा: चाचणीत वरच्या वर्गाचं निम्म्याहून जास्त येतं का, ‘अर्थ नाही’चा रकाना रिकामा झालाय का, मोठ्या मुलांत ते बोलतं का, आणि त्याला स्वतःला जायचंय का. चौथ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर तिथेच थांबा. ‘हो’ असेल तर सहा आठवडे ठरवून पाठवा, आणि परत यायची वाट उघडी आहे हे आधीच, मुलाला ऐकू येईल असं सांगा.

## महिन्याची तपासणी

दर महिन्याच्या शेवटी वेगळी वही घेऊन बसा आणि मागून पुढे चाळा. रेघा मारलेली पानं किती? महिन्याभरात एकही नसेल तर तुम्ही प्रश्न सोपे देताय, किंवा मूल दुसऱ्या कागदावर कच्चं करून इथे सुवाच्य उतरवतंय. विचारा, कच्चा कागद मागा, आणि तो वहीत चिकटवा. मुलानं स्वतः काढलेला, तुम्ही न दिलेला, एखादा प्रश्न आहे का? असेल तर पुढच्या भेटीची सुरुवात त्या प्रश्नानं करा. तुमची ठरलेली यादी आठवडाभर थांबू शकते.